वर्षाआड येणारे विषय

प्रश्न: मी छोट्या कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. गणित आणि संख्याशास्त्र मिळून आमचा एकच विभाग, शिक्षक तीन. मैत्रीण मोठ्या विद्यापीठात आहे, तिच्याकडे ऐच्छिक विषयांची यादी दोन पानं भरते. आमच्याकडे सगळे मिळून चार. मला गणित आवडतं, पण घरचे म्हणतात नोकरी संख्याशास्त्राला आहे. पुढच्या वर्षी दोन्हींतलं एक मुख्य विषय म्हणून घ्यायचंय. कॉलेज बदलू का?

उत्तर: आधी विभागात जाऊन एवढंच विचार, की पुढच्या दोन वर्षांत कोणता विषय कोणत्या सत्रात शिकवला जाणार आहे. माहितीपत्रकातली यादी नको, प्रत्यक्ष होणारे तास हवेत. छोट्या विभागात वरचे विषय बऱ्याचदा वर्षाआड चालतात. चार-पाच मुलांसाठी दरवर्षी वर्ग लावायला माणसं कुठून आणणार? रिअल ॲनालिसिस (कलनाचा सिद्धतांसह पाया) पुढच्या वर्षी असेल आणि तू म्हणालीस, ‘तिसऱ्या वर्षी बघू’, तर तिसऱ्या वर्षी तो नसेलच. तसंच लिनिअर अल्जेब्रा (सदिश आणि सारण्यांचं गणित) न करता रिग्रेशनच्या (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या) वर्गात बसलीस, तर सूत्रं पाठ करण्यापलीकडे हाती काही लागणार नाही. विषय कमी होते म्हणून मागे पडलेली मुलं मी फारशी पाहिलेली नाहीत. क्रम चुकला म्हणून अडकलेली बरीच पाहिली.

आता गणित की संख्याशास्त्र. पदवीच्या पातळीवर ही भिंत तुला वाटते तेवढी जाड नाही. वही काढ आणि पाच आकडे लिही: ३, ५, ६, ८, १३. सरासरी ७. प्रत्येकातून ७ वजा कर: −४, −२, −१, १, ६. बेरीज शून्य, आणि ती नेहमीच शून्य येणार. म्हणजे चार फरक सांगितले की पाचवा आपोआप ठरतो; मोकळे फरक चारच. या फरकांचे वर्ग करून केलेली बेरीज ५८. नमुन्यावरून प्रचरण, म्हणजे आकडे किती विखुरलेत याचं माप, काढताना संख्याशास्त्राचे शिक्षक तिला पाचाने नाही, चाराने भागायला लावतात. उत्तर १४.५. का, हे बहुतेक मुलं विचारत नाहीत. लिनिअर अल्जेब्राच्या तासाला हीच गोष्ट वेगळ्या वेषात भेटते: हे पाच फरक ओळीने लिहिले की एक सदिश होतो; तो (१, १, १, १, १) या सदिशाला लंब आहे (बेरीज शून्य, त्याचाच हा अर्थ), म्हणून तो पाच मितींत नाही, चार मितींच्या उपअवकाशात राहतो. संख्याशास्त्रात मोकळ्या फरकांच्या संख्येला ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणतात, ती म्हणजे त्या उपअवकाशाची मिती. दोन्ही वर्ग केलेल्या मुलीला हे दिसतं, एकच केलेलीला पाठ करावं लागतं.

विल्यम गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छोट्या नमुन्यांवरचा निबंध छापला, तेव्हा तो गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. शिक्षण रसायनशास्त्र आणि गणिताचं, म्हणजे तोही गणिताकडूनच संख्याशास्त्रात आलेला. हाताशी निरीक्षणं मोजकीच असत, त्यातून छोट्या नमुन्यांसाठी वापरतात ते टी-वितरण निघालं.

म्हणून मुख्य विषयाचं नाव काहीही असो, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता आणि रिअल ॲनालिसिस हे तीन सोडू नकोस. संख्याशास्त्रातल्या पीएचडीलाही ॲनालिसिस लागतं, हे फार उशिरा कळतं. सोबत आर (R) किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा नीट शिक, दोन्ही अर्धवट नको. नोकरीबद्दल घरचे चुकत नाहीत. संख्याशास्त्र घेतलं की मुलाखतीत कमी समजावून सांगावं लागतं, इतकंच. गणित घेऊन वर संख्याशास्त्राचे तीन-चार विषय आणि खऱ्या, अस्ताव्यस्त आकडेवारीवर केलेला एखादा प्रकल्प दाखवता आला, तरी काम भागतं. विम्यातलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडण्याचं, काम करायचं असेल तर त्याच्या व्यावसायिक परीक्षा वेगळ्या असतात, आणि त्या दोन्ही बाजूंची मुलं देतात.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण येणार आहे. सिद्धतांचा पहिला विषय सुरू झाला की गणित आवडणारी मुलंही गांगरतात. आकडेमोड जाते आणि ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा डेल्टा असतो की’ अशी वाक्यं सुरू होतात. ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांची जागा बदलली की विधानच बदलतं. तिथे मार्क कमी पडले म्हणून गणित सोडू नकोस. तीन शिक्षकांच्या विभागाचा फायदा नेमका इथे आहे: लिहिलेली सिद्धता घेऊन जा, फळ्यावर मांड, कुठे फसली ते तिथेच विचार. दोनशेंच्या वर्गात तुझी वही सहाय्यक तपासतो. इथे जो शिकवतो तोच वाचतो, आणि उद्या पदव्युत्तर प्रवेशासाठी शिफारसपत्रही तोच लिहितो. तुझी सिद्धता त्याने पाहिलेली असली तर त्या पत्रात लिहायला काही असतं.

आता कॉलेज बदलण्याचं. विभागाने सांगितलेल्या वेळापत्रकात ते तीन विषय तुझ्या पदवीच्या आत बसत असतील तर राहा. एखादा बसत नसेल तर स्वतंत्र अभ्यास म्हणून कोणी शिकवेल का, किंवा दुसऱ्या कॉलेजात करून त्याचे श्रेयांक (क्रेडिट) धरतील का, ते विचार आणि उत्तर लेखी घे. दोन्हीकडून नकार आला तर मात्र बदल, आणि तो याच वर्षी बदल. दुसरं वर्ष संपल्यावर झालेले विषय नव्या ठिकाणी जुळवून घेणं फार किचकट होतं.