पोटगीच्या अर्जातील खर्चाचा तक्ता

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अशिलाच्या अंतरिम, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीच्या अर्जाचा मसुदा वाचला. अपघातानंतर कमरेखालची हालचाल गेलेली स्त्री साताऱ्याला माहेरी, नवऱ्याचा घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, आणि मसुद्याची पहिली दोन पाने तिच्या असहायतेच्या वर्णनाने भरलेली. ती पाने काढून टाक. न्यायाधीशांना कळवळा येईलही, पण कळवळ्यावरून आकडा ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि त्यात दिव्यांगत्व व वैद्यकीय खर्च यांची माहिती मागितलेली आहे. सततची शुश्रूषा आणि पुन्हापुन्हा येणारा खर्च मागे लावणारे गंभीर अपंगत्व पोटगी ठरवताना विचारात घ्यावे, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडून थांबू नकोस. कॅथेटर, डायपर, फिजिओथेरपी, चाकाच्या खुर्चीची बॅटरी, दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचे भाडे असा महिन्याचा तक्ता कर. काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंची किंमत महिन्यांत विभागून दाखव. तिची आई रात्री दोनदा उठून तिची कूस बदलते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम तू ‘कुटुंबीय काळजी घेतात’ एवढ्यावर उरकले आहेस. त्याच कामासाठी रात्रपाळीची बाई ठेवली तर ब्युरो किती पैसे घेईल, याचे दरपत्रक मिळव आणि जोड. माहेरची माणसे फुकट राबतात याचा लाभ नवऱ्याला का मिळावा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

समोरचे वकील बहुधा म्हणतील की ती पदवीधर आहे, घरबसल्या काम करू शकते. करू शकत असेल तर शपथपत्रात खरेच लिही; मात्र ती किती तास बसू शकते आणि मिळकतीतून तक्त्यातला किती भाग निघतो, तेही त्याच परिच्छेदात यावे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खालचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो, याची आठवण न्यायालयाला विनयाने पण दर तारखेला करून द्यावी लागते. हेच कलम नवऱ्यालाही मागणीचा हक्क देते, त्यामुळे उद्या एखादा दिव्यांग पुरुष तुझ्याकडे आला तर त्याला परत पाठवू नकोस. पत्नी, मुले आणि आई-वडील यांच्या पोटगीसाठी असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा आधार मात्र त्याला पती म्हणून मिळणार नाही.

पोटगी भावाच्या खात्यात जमा करावी, ही मसुद्यातील विनंती मला अजिबात मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ प्रमाणे आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क तिला इतर कुणाइतकाच आहे. तिचे पाय चालत नाहीत, सही चालते. सासरी राहिलेले दागिने आणि भांडी हे तिचे स्त्रीधन. त्याची यादी तिच्याच तोंडून घे, भावाच्या नव्हे.

तिची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

राहता राहिला तडजोडीचा प्रस्ताव. एकरकमी रक्कम घेऊन परस्पर संमतीने मोकळे व्हावे, असे तिच्या घरच्यांना वाटते आहे; थकलेल्या माणसांना तसे वाटणारच. पण घटस्फोट झाला की नवऱ्याच्या नोकरीतील आरोग्य विम्यातून पत्नी म्हणून तिचे नाव जाईल, आणि अशा आजारात नवा विमा मिळणे कठीण असते व मिळालाच तर महाग पडतो. शिवाय हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खालची, म्हणजे निकालानंतरची कायम, मासिक पोटगी परिस्थिती बदलल्यावर वाढवून मागता येते. पूर्ण व अंतिम म्हणून एकरकमी पैसे घेतल्यावर ती वाट जवळपास बंद होते. तेव्हा विमा, शुश्रूषा आणि महागाई धरून पुढच्या वीस वर्षांचा हिशेब आधी तिच्यासमोर मांड, आणि निर्णय तिला घेऊ दे. सुधारलेला मसुदा तक्त्यासह पाठव.

तुझी,
बाई