नाशिकमध्ये वाचनालयाचं सभासद होऊन शिकायला, छंदाला खरंच उपयोग होतो का, की यूट्यूब पुरे?

होतो. तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नाशिकला आलात, स्पर्धा परीक्षा द्यायची नाही, चित्रकला आणि गच्चीतली बाग हे दोन छंद आहेत. चित्रकलेतलं मला कळत नाही. बागेचं सांगतो, कारण यूट्यूबच्या भरवशावर माझे आठ डोळे वाळलेत.

गुलाबाचे डोळे हो, म्हणजे चांगल्या गुलाबाच्या फांदीवरून काढून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली बसवायचे अंकुर. याला डोळा भरणं म्हणतात. निवृत्त झालो आणि मनात आलं, मोगलांनी ज्याला गुलशनाबाद म्हटलं त्या गावात जन्म काढला आणि आपल्याला एक गुलाब भरता येऊ नये? व्हिडिओ पाहिला. उत्तरेकडचा कुणी माळी, हात इतका सफाईदार की वाटलं यात काय आहे. ऐन मे महिन्यात बसलो. गावठी खुंटावर, म्हणजे ज्यावर डोळा बसवायचा त्या गावठी गुलाबाच्या झाडावर, टी आकाराचा काप घेतला, पण साल काही सुटेना. ओरबाडून डोळा आत कोंबला, पट्टी गुंडाळली. दहा दिवसांत आठच्या आठ काळी मिरी.

मग एका वाचनालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, का ते पुढे कळेल. तिथे फुलशेतीचं एक जुनं मराठी पुस्तक मिळालं, शिवण उसवलेली, तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९४चा. मजकूर बरा होता. पण समासात कुणीतरी बारीक पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘आदल्या दिवशी खुंटाला पोटभर पाणी. साल सुटते.’ त्याखाली, ‘नाशकात मे-जून मुळीच नको, थंडीत भरा.’ आकृतीत पट्टी नेमकी कुठून गेलीय ते कळत नव्हतं, तिथे बाण काढून ‘डोळा उघडा ठेवा’.

डिसेंबरात पुन्हा बसलो. आदल्या संध्याकाळी पाणी दिलं. सकाळी काप घेऊन चाकूची पाठ लावली तर साल पाकिटाच्या झाकणासारखी उघडली. तीन आठवड्यांनी डोळ्याखालच्या देठाच्या तुकड्याला नुसतं बोट लावलं आणि तो गळून पडला. देठ असा अलगद गळला की डोळा धरला. सुकून चिकटून राहिला की गेला. सहापैकी चार धरले.

आता मुख्य गोष्ट. पुस्तक परत द्यायला गेलो तर देवघेव खिडकीवरच्या गृहस्थांनी पानं चाळली. “हे काय लिहिलंय?” म्हटलं, मी नाही. “सगळे असंच म्हणतात.” ५० रुपये दंड. त्याचंही काही नाही हो, पण समोर बसवून खोडरबर दिलं आणि सगळं पुसायला लावलं. त्या पुस्तकात नाशिकच्या माणसाच्या उपयोगाच्या तेवढ्याच तीन ओळी होत्या आणि त्या मी माझ्या हाताने पुसल्या. अजून डोक्यातून जात नाही.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून मी सूचना मांडली: तांत्रिक आणि छंदांच्या पुस्तकांना शेवटी एक कोरं पान डकवा, करून पाहिलेल्या वाचकाला तिथे लिहू द्या. हशा पिकला. एक पदाधिकारी म्हणाले, काका, हे वाचनालय आहे, शेरेबुक नाही. का नसावं? पुस्तक पुण्यात छापतात, डोळा इथे वाळतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. सभासद झालात की ग्रंथपालांशी ओळख करून घ्या आणि कपाटांपर्यंत जाऊ देतात का ते विचारा. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवलं तर तेवढंच मिळतं. खरी मजा शेजारच्या पुस्तकात. दशांश वर्गीकरण (विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत) असेल तर बागकाम ६३५ला, त्याच्या अलीकडे ६३४ला फळझाडं, ६३४.८ला द्राक्षं. मी गुलाबासाठी गेलो आणि द्राक्षाच्या खुंटकलमावर दोन महिने काढले. यूट्यूब तुम्ही जे मागता तेच परत परत वाढतं. मासिकांचे बांधीव जुने अंक सहसा घरी देत नाहीत, ते तिथेच बसून वहीत उतरवायचे. हाताने उतरवलेलं डोक्यात राहतं, मोबाइलमधला फोटो राहत नाही.

सावाना, म्हणजे टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं आहे. वस्तुसंग्रहालयही त्यांचंच. चित्र काढणाऱ्या माणसाने तिथे एक दुपार घालवावी. (वरचा किस्सा तिथला नाही, उगाच तर्क नकोत.)

बाकी खरं सांगायचं तर बहुतेक वाचनालयांत कादंबऱ्या फार आणि हाताने करायच्या गोष्टींची पुस्तकं थोडी, तीही जुनी. औषध फवारणीसाठी जुन्या पुस्तकावर मुळीच जाऊ नका, त्यातली काही औषधं आता बंद आहेत. आणि हाताची हालचाल व्हिडिओतच नीट दिसते, हे मलाही मान्य आहे. माझा माळी वाईट नव्हता, महिना वाईट होता.

पुस्तकात पेन्सिलीने लिहा असंही मी म्हणत नाही. सुटी चिठ्ठी ठेवा. मी त्या पुस्तकात ठेवली आहे, त्याच तीन ओळी लिहून, पान उघडताच दिसेल अशी. आणि तुम्ही कुठेही सभासद झालात तर वार्षिक सभेला नक्की जा. कोऱ्या पानाचा विषय कुणी काढला तर हात वर करा. कुणी नाही काढला तर तुम्ही काढा.