सोशल मीडियामुळे बेळगावकडची तरुण मुलं उद्धट झाली आहेत का?

तुम्ही लिहिलंय की मुलाला बेळगावच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, आणि इकडच्या पोरांच्या रील व त्याखालच्या कमेंट वाचून तुम्ही धास्तावलाय. ही मुलं खरोखर इतकी उर्मट आहेत का, आणि भाषेवरून त्याला त्रास होईल का, असा तुमचा प्रश्न.

माझं बेळगावातल्या शहापुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. बाबा मागावर बसायचे, शहापुरी साड्या विणायचे. मी माग सोडून सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. दिवसभर कॉलेजची पोरं काउंटरवर कोपर टेकून उभी असतात. कुणाचा डिस्प्ले गेलेला, कुणाचा माईक, कुणाचा फोन पावसात भिजलेला. तेव्हा मानसशास्त्र वगैरे मला विचारू नका. काउंटरच्या ह्या बाजूनं जे दिसतं ते सांगतो.

गेल्या महिन्यात अनगोळचं एक पोरगं टेम्पर्ड बसवायला आलं. कानात इअरबड, बोलताना नजर स्क्रीनवर, 'काका, किती?' एवढंच. मी मनात म्हटलं, झालं, हा पण त्यातलाच. तेवढ्यात बैलहोंगलकडचे एक म्हातारे बटणाचा फोन घेऊन आले. चार्ज होत नव्हता. पोरानं कानातलं काढलं, स्वतःजवळचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणालं, 'बर्री अज्जार, कुंदर्री.' या आजोबा, बसा. आजोबांच्या फोनच्या चार्जिंग पिनमध्ये तंबाखूचा चुरा बसला होता. मी ब्रशनं तो काढेपर्यंत हा त्यांच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत होता, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये.

ह्या 'री'बद्दल तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमच्या मुलाला त्याचा उपयोग आहे. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये शब्दाला 'री' लागला की अहो-जाहो झालं. 'बा' म्हणजे ये, 'बर्री' म्हणजे या. 'हौद' म्हणजे होय, 'हौद्री' म्हणजे होय हो. बाजारात, बसमध्ये, कचेरीत हा 'री' विसरलात तर समोरचा माणूस निम्म्या कामातूनच तोंड फिरवतो. आमच्या मराठी घरातल्या पोरांना कन्नड लिहायला धड येत नसेल, पण हा 'री' त्यांच्या जिभेवर आईच्या दुधासारखा बसलेला असतो. गल्लीत कुणी शिकवला नाही, शाळेतही नाही. मंडईत आईचा पदर धरून हिंडताना आला.

आता पुढचं. ग्लास बसवताना पोराचा फोन माझ्या हातात. वरून नोटिफिकेशन पडत होती, न वाचायचं म्हटलं तरी डोळ्यांपुढून जातात. एका रीलखाली त्याची कुणा कन्नड पोराशी जुंपली होती आणि दोघांनी एकमेकांच्या आया-बहिणींपर्यंत मजल मारली होती. त्यात 'री' सोडा, माणूस म्हणून बोलावं असंही काही नव्हतं.

मी विचारलं, 'हा कोण रे?'

'कुणास ठाऊक काका. दावणगेरेचा हाय वाटतं.'

'मग त्याच्याशी कशाला भांडायलास?'

'सगळी बघायलेत की!'

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पोरानंच देऊन टाकलं. आम्ही लहान असताना 'चारचौघांत असं वागतात का' म्हणून पाठीत धपाटा बसायचा. ते चारचौघं म्हणजे कोण हे आम्हाला नावानिशी ठाऊक होतं. कट्ट्यावर बसणारे तात्या, पिठाच्या गिरणीवाला, गणपती मंडळाचे अध्यक्ष आणि समोरच्या काकू, ज्यांच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसायची. उद्या ह्यांना तोंड दाखवायचंय, म्हणून जीभ आवरायची. लोक म्हणतात हल्ली पोरांना चारचौघांची भीती उरली नाही. मला उलट दिसतं. आमच्यापेक्षा ती जास्तच भितात, फक्त चारचौघं फोनमध्ये राहायला गेलेत. त्यांची नावं ठाऊक नाहीत, तोंडं ठाऊक नाहीत, आणि त्यांच्यापुढे गप्प बसला तो हरला, असा तिथला कायदा. कट्ट्यावरचे तात्या मोठ्यानं बोलणाऱ्याला गप्प करायचे. फोनमधले तात्या त्याला लाईक देतात.

सीमाभागात ह्याला वर हंगाम असतो. ऑक्टोबर संपत आला की स्टेटसचे रंग बदलायला लागतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. म्हणून त्या दिवशी शहरात एकीकडे राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक, आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. लहानपणी मी बाबांच्या सायकलच्या नळीवर बसून काळ्या दिनाच्या फेरीला गेलोय. मूक फेरी असायची. दंडाला काळी फीत, शेकडो सायकली, आणि आवाज फक्त चेन आणि मडगार्डांचा. बाबा किती चिडलेत हे मला त्यांच्या हँडल धरण्यावरून कळायचं. पण तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी त्याच बाबांना सूत देणारा कन्नड व्यापारी घरी यायचा आणि चहा पिऊन जायचा. दोघंही त्या दिवसाबद्दल काही बोलायचे नाहीत. आता मला वाटतं, ते न बोलणं फार कष्टाचं काम होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फोनाफोनी पसरला. रात्रीतून बेळगावात दगडफेक झाली, अनगोळमध्ये कन्नड लोकांचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली आणि जमावबंदी लागली. दुकान बंद ठेवून घरात बसलो होतो. गल्ली शांत, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, आणि हातातला फोन मात्र नुसता थरथरत होता.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्यानं एक स्टेटस ठेवलं. काय होतं ते इथं लिहीत नाही. चोवीस तासांनी आपोआप जातंय की मामा, असं नंतर मला म्हणाला. स्टेटस जातं, स्क्रीनशॉट कुठं जातो? दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मी आणि मेहुणे त्याला घेऊन गेलो. समोरचे साहेब कन्नड, आवाज साधा. त्यांनी ना दम दिला, ना शिवी. स्क्रीनशॉट पुढं धरला आणि म्हणाले, हे मोठ्यानं वाच. भाच्यानं पहिला शब्द उच्चारला आणि थांबला. कान लाल. बापाकडं बघेना, माझ्याकडं बघेना. साहेब म्हणाले, लिहिता आलं, मग वाचता का येत नाही? पाच-सहा मिनिटं तो तसाच उभा होता. शेवटी समज देऊन सोडलं. मेहुणे रस्त्यात त्याला फार बोलले, पण मला वाटतं जे व्हायचं ते आत, त्या टेबलापुढंच झालं होतं. जे तोंडानं बोलता येत नाही ते अंगठ्यानं बेधडक लिहिता येतं, आणि हे ह्या पोरांना कुणीतरी एकदा असं समोर उभं करून दाखवेपर्यंत कळतही नाही.

मात्र हे सगळं तरुणांच्या माथी मारून आपण मोठ्यांनी हात झटकावेत, हे मला पटत नाही. माझंच सांगतो.

२०१८ चा जून. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज सगळीकडे फिरत होते. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात, असा एक व्हिडिओ मला आला. मी, चाळिशीला टेकलेला शहाणा माणूस, तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःची ओळ जोडली, 'आपल्या भागात फिरायलेत, सावध राहा.' आपल्या भागात कुणी फिरत नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

रात्री अकराला शेजारच्या घरातल्या मुलीचा मेसेज आला. तेव्हा बारावीत होती. तिनं ग्रुपवर लिहिलं नव्हतं, मला एकट्याला पाठवलं होतं. 'काका, झोपला नसाल तर एक सांगू का? तो व्हिडिओ कराचीतला आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली फिल्म आहे, शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात. तेवढंच कापलंय. राग मानू नका.' खाली मूळ व्हिडिओची लिंक.

मी मेसेज काढायला गेलो तर 'सर्वांसाठी हटवा' चालेना, वेळ उलटून गेली होती. मग ग्रुपवर लिहिलं की मी टाकलेला व्हिडिओ खोटा आहे, माफ करा. सहा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्यातल्याच दोघांनी दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा टाकला.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना ह्याच संशयावरून जमावानं ठार मारलं. १३ जुलैला आमच्याच राज्यात, बिदर जिल्ह्यातल्या मुरकीत, हैदराबादहून आलेल्या मित्रांनी वाटेत मुलांना चॉकलेट दिली म्हणून लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला. त्यातला एक तरुण इंजिनिअर गेला. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. ती बातमी वाचताना मी दुकानात होतो. कुणाचा तरी फोन उघडून ठेवला होता, स्क्रू ट्रेमध्ये पसरलेले. बराच वेळ हात चालला नाही.

त्या मुलीला हवं असतं तर ग्रुपवर सगळ्यांदेखत माझी चूक काढता आली असती. पन्नास-साठ माणसांत टाळ्या मिळाल्या असत्या. तिनं माझी अब्रू राखली. ह्याला तुम्ही काय म्हणाल? मी तर म्हणतो, माझ्या आजीनं एखादी गोष्ट पदराआड घेऊन सांगावी तसंच झालं हे, फक्त पदराच्या जागी इनबॉक्स.

पोरांच्या स्वतःच्या अशा पुष्कळ रीती आहेत, आपल्याला त्या दिसत नाहीत एवढंच. आधी मेसेज न करता थेट फोन लावणं त्यांना दार न वाजवता घरात शिरल्यासारखं वाटतं. न विचारता कुणाचा फोटो टाकायचा नाही, न विचारता ग्रुपमध्ये घालायचं नाही. आपण मोठी माणसं हे सगळं सर्रास करतो आणि वर त्यांना मॅनर्स शिकवतो. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गेले, तर पुण्यातल्या त्यांच्या मुलाला घरचा फोन जायच्या आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' स्टेटसवर दिसली. त्यानं बापाचं जाणं असं वाचलं. स्टेटस ठेवणारा कुणी कॉलेजकुमार नव्हता. निवृत्त, पेन्शन घेणारा गृहस्थ होता, आणि रक्षाविसर्जनाला पहिल्या रांगेत उभा होता.

आता तुमच्या मुलाचं. रस्त्यावर, मेसमध्ये, वर्गात त्याला भाषेवरून कुणी उगाच छळेल असं मला वाटत नाही. भांडणं होतात, नाही असं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद होऊन कंडक्टरला मारहाण झाली, मग दोन्ही राज्यांच्या एसट्या काही दिवस सीमेवरच अडकल्या. निपाणी-कोल्हापूर जाणाऱ्यांचे फार हाल झाले. पण तो रोजचा दिवस नाही. रोजचा दिवस म्हणजे माझ्या दुकानासारखा: बोर्डावर नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड, आत भिंतीवर महाराजांचा फोटो, आणि काउंटरवर निम्मं गिऱ्हाईक 'री'वालं.

त्याला कन्नड येत नसेल तर लाजू नये, सरळ 'कन्नड बरंगिल्लरी' म्हणावं. येत नाही हो. त्या शेवटच्या 'री'साठी माणसं हिंदीत, मराठीत, खाणाखुणांनी वाट्टेल ती मदत करतात. 'कन्नड गोत्तिल्ला' असं पुणेरी फेकलं तर मात्र रिक्षावाला मीटरपेक्षा दुप्पट सांगणार, आणि त्यात सोशल मीडियाचा काही दोष नाही. (मीटर तसंही कुणी टाकत नाही, ते सोडा.)

वर्गाच्या ग्रुपमध्ये तो पहिल्याच दिवशी घातला जाईल. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात स्टेटस म्यूट करून ठेवायला सांगा, महिनाभर. आणि कमेंटमध्ये कुणाशी जुंपलीच, तर उत्तर पाठवायच्या आधी ते एकदा खोलीत मोठ्यानं वाचून बघायला सांगा. भाचा हल्ली तसं करतो म्हणतो. खरं-खोटं त्यालाच ठाऊक, पण रात्री त्याच्या खोलीतून काहीतरी पुटपुटल्याचा आवाज येतो असं ताई सांगते.

खोली अजून ठरली नसेल तर वेगळा प्रश्न टाका. अनगोळ आणि टिळकवाडीत कुठं पाणी कधी येतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.