वर्णद्वेषावरच्या साहित्यात माणसांचे हाल त्यांच्या स्वतःच्या निर्णयांमुळे होतात की अन्यायामुळे?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरच्या अन्यायाबद्दल जी कादंबऱ्या-नाटकं आहेत त्यात पात्रांवर येणाऱ्या संकटांत त्यांच्या स्वतःच्या निर्णयांचा वाटा किती, आणि सोबत लिहिलंय की सरांनी "पात्र स्वतःच जबाबदार आहे" अशा बाजूने निबंध मागितलाय. सरांचं जरा बाजूला ठेवू. मला विचाराल तर वाटा किती हा हिशोबच चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. निर्णय माणूस घेतो हे खरंच, पण त्या निर्णयाची किंमत किती लागणार हे कोण ठरवतं ते बघायचं. या साहित्यातली चांगली पुस्तकं सगळी तिथेच बोट ठेवतात.

मी दापोलीचा. आमचं इथे एक वाचन मंडळ आहे, म्हणजे भजी जास्त आणि पुस्तक कमी असा मामला, पण लोक तोंडावर बोलतात. एकदा लोरेन हॅन्सबेरी या काळ्या लेखिकेचं 'अ रेझिन इन द सन' घेतलं होतं, 1959 चं नाटक, शिकागोतलं एक काळं कुटुंब, बाप गेलाय आणि त्याच्या विम्याचे 10,000 डॉलर येणार आहेत. आई त्यातले 3,500 भरून गोऱ्यांच्या वस्तीत एका घराचा बयाणा देते. उरलेले 6,500 मुलाच्या हातात देते, वॉल्टरच्या, आणि सांगते की यातले 3,000 बहिणीच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बँकेत टाक, बाकीचं तू बघ. तो बँकेत काहीच टाकत नाही. दारूचं दुकान काढायचं म्हणून सगळेच्या सगळे विली नावाच्या भागीदाराला देतो आणि विली पसार होतो.

आमच्यातले एक काका, सगळी हयात मास्तरकीत गेली, ते लगेच म्हणाले, "पण त्याने पैसे दिलान कशाला त्या माणसाकडे? बहिणीचे पण?" बरोबर आहे, कोणीही हेच विचारणार. आणि हॅन्सबेरीसुद्धा वॉल्टरला सोडत नाही हां, बहीण त्याला काय काय बोलते ते वाचा. बहिणीचे पैसे उडवणं हा गुन्हाच आहे, त्याला गोऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

पण त्याच नाटकात दुसरी एक गोष्ट आहे जी पटकन निघून जाते. आईला विचारतात की गोऱ्यांच्या वस्तीत कशाला घर घेतलंस, मार खायला? तर ती काय क्रांती करायला निघालेली नसते, ती म्हणते की काळ्यांसाठी जी घरं बांधतात ती लांब आणि दुप्पट किमतीची असतात, मला पैशात बसेल असं हेच मिळालं. म्हणजे काटकसरी बाईने केलेला साधा हिशोब. आणि त्या साध्या हिशोबाचं बक्षीस काय, तर वस्तीचा प्रतिनिधी लिंडनर घरी येऊन गोड गोड बोलून सांगतो की तुम्ही येऊ नका, आम्ही घर तुमच्याकडून परत विकत घेतो, वर फायदाही देतो. एकाच घरात एकाने मूर्खपणा केला आणि एकीने शहाणपणा केला, आणि दोघांनाही धक्का बसतोच. वॉल्टरची चूक काढून टाका, लिंडनर तरीही आलाच असता. हे आमच्या काकांना सांगितलं तर ते गप्प नाही बसले, म्हणाले मग वॉल्टरची चूक माफ? नाही ना. माफ नाही. पण गोऱ्या घरात असा एखादा वॉल्टर असता तर आईने राहतं घर गहाण टाकून, बँकेत जाऊन, बहिणीची फी कशीतरी उभी केली असती. इथे पुन्हा उभं राहायला दुसरा पैसाच नाही. सगळ्या आयुष्यात एकदाच पैसा आला, तोही बाप मेला म्हणून.

हे हॅन्सबेरीने घरात बघितलेलं होतं. तिच्या वडिलांनी 1937 मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं, आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 1940 मध्ये निकाल लागला. निकाल वडिलांच्या बाजूने, पण काळ्यांना घर विकू नका असले करार बेकायदा आहेत असं काही कोर्ट तेव्हा म्हणालं नाही, तांत्रिक मुद्द्यावर सुटले.

आता हे इथल्या उदाहरणाने सांगतो म्हणजे कळेल. हर्णैच्या बाजूचा एक ओळखीचा पोरगा, त्याने बोटीच्या इंजिनासाठी मच्छीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली. उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची, तो म्हणेल त्या भावाने, हे बंदरावर सगळ्यांना माहीत असतं, त्यालाही होतं. लोक म्हणाले, बँकेत का नाय गेलास? तो गेला होता की. घर याचं, घरपट्टी याच्या नावावर, पण घराखालची जागा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, पिढ्यानपिढ्या. तारण काय ठेवणार? मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ज्याची आंबा-सुपारीची बाग सातबाऱ्यावर होती त्याचंही नुकसान झालं, भयंकर झालं, पण पंचनामा झाला, भरपाईच्या यादीत नाव आलं. याच्या दारातली पाच-सहा झाडं याच्या आजोबांनी लावलेली, पण कागदावर ती कोणाचीच, म्हणजे याची नाहीतच. वादळ एकच, आणि उचल घ्यायचा निर्णयही त्याचा स्वतःचा. तरी गावात आजही बोलताना लोक "उचल घेतलान म्हणून बुडाला" इथपर्यंतच बोलतात, घराखालच्या जागेपर्यंत कोणी जात नाही.

मी जात आणि वंश एकच आहेत असं म्हणत नाहीये, तसं केलं तर दोन्हीकडचं अर्धवट कळतं. पण हे नातं मी आज जोडतोय असंही नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहिलं होतं. आणि 1972 ला मुंबईत दलित पँथर निघाली ती नावासकट अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. तेव्हा आपल्याकडच्या वाचकाने ही अमेरिकन पुस्तकं वाचताना परकी म्हणून वाचायचं काही कारण नाही.

आता सगळ्यात अवघड पुस्तक. रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन', 1940. सरांच्या बाजूला सगळ्यात जवळचं हेच, कारण बिगर थॉमस हा पोरगा खरोखर खून करतो. त्याला डाल्टन नावाच्या श्रीमंत गोऱ्याकडे ड्रायव्हरची नोकरी लागते. नको असते त्याला, पण घेतली नाही तर सरकारी मदत बंद होईल म्हणून आई मागे लागते. म्हणजे पहिला "निर्णय" हा असा. पहिल्याच रात्री मालकाची मुलगी मेरी पिऊन तर्र, चालता येत नाही, तो तिला खोलीत पोचवतो. तेवढ्यात तिची आंधळी आई दारात येते. आता विचार करा, आई आंधळी आहे, तिला काही दिसणार नाहीये, मेरीने फक्त तोंडातून आवाज काढायला नको, म्हणून तो उशी दाबून धरतो. आणि ती मरते. गोरा ड्रायव्हर असता तर म्हणाला असता, बाईसाहेब, छोट्या बाईंनी जास्त घेतली होती, आणून सोडलं. फार तर नोकरी गेली असती. काळा पोरगा रात्री गोऱ्या मुलीच्या खोलीत सापडला तर पुढे काय होतं हे बिगरला कोणी शिकवायला नको होतं, त्या एका मिनिटात त्याच्या हाताने जे केलं ते त्या भीतीने केलं.

इथपर्यंत वाचून लोक म्हणतात, बघा, सगळी व्यवस्थेचीच चूक. थांबा. पुढे बिगर काय करतो? प्रेत भट्टीत जाळतो, खंडणीची चिठ्ठी लिहितो, आणि मग बेसीला मारतो, स्वतःच्या मैत्रिणीला, काळ्या मुलीला, जिचा मेरीच्या मृत्यूशी काही संबंध नाही. झोपेत, विटेने. हा अपघात नाही. राइट इथे त्याला वाचवायला येत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ती कादंबरी मोठी आहे, कारण बिगर हा नुसता बळी ठेवला असता तर तो माणूस राहिलाच नसता, कठपुतळी झाला असता. आणि मग मेरीच्या मृत्यूच्या सरकारी चौकशीत बेसीचं काय होतं बघा. तिचं प्रेत आणतात ते मेरीच्या खुनाचा पुरावा भक्कम व्हावा म्हणून. तिच्या स्वतःच्या खुनाचं कोणाला पडलेलं नाही. म्हणजे ज्या गुन्ह्यात बिगरचा स्वतःचा निर्णय सगळ्यात जास्त, त्याची किंमत त्यांच्या लेखी जवळजवळ शून्य.

आणि डाल्टनसाहेबांचा निर्णय? बिगरचं कुटुंब उंदीर फिरणाऱ्या एका खोलीत राहतं ती खोली याच डाल्टनच्या कंपनीची, काळ्यांकडून भाडं जास्त, आणि दुसऱ्या हाताने तो काळ्या पोरांच्या क्लबला पिंग-पाँगची टेबलं दान करतो. जबाबदारी मोजायची तर या माणसाचीही मोजा ना. निबंधात लोक नेहमी गरीब पात्राचे निर्णय तपासतात, श्रीमंत पात्राचे निर्णय म्हणजे जणू हवामान.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' बद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. 1960 ची कादंबरी, टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. टॉम रॉबिन्सनचा निर्णय काय, तर एका एकट्या पडलेल्या गोऱ्या मुलीला फुकट कामात मदत करणं. आणि कोर्टात खरं बोलणं, की मला तिची कीव आली. काळ्या माणसाने गोरीची कीव करायची, हेच ज्युरीला सहन होत नाही. तुरुंगातून पळताना त्याला सतरा गोळ्या घालतात. म्हणजे इथे तर चूकही नाही, चांगुलपणालाच दंड. मला स्वतःला ते पुस्तक थोडं कमी आवडतं, कारण टॉमच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळतच नाही, निर्णय घेणारा मुख्य माणूस तिथे गोरा वकील आहे. तुमच्या विषयासाठी ते पुरं पडणार नाही.

आपल्याकडचं एक घ्याच. उर्मिला पवारांचं 'आयदान', 2003. रत्नागिरीजवळच्या गावातलं बालपण. आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणते, त्यावर घर चालतं, आणि लहान उर्मिला ती गिऱ्हाइकांच्या घरी पोचवते, तर ते लोक आधी पाणी शिंपडतात मग वस्तू आत घेतात, आणि पैसे वरून हातावर टाकतात. नवरा गेल्यावर त्या आईचा निर्णय एकच, विणत राहायचं आणि पोरांची शाळा सोडायची नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाई हट्टी, हात रक्ताळेपर्यंत विणतेय. पण पुढे उर्मिलाबाई मोठ्या होऊन एम.ए. करायचं ठरवतात तेव्हा अडवतो तो कोणी सवर्ण नाही, घरातच नवऱ्याला ते रुचत नाही. हे बेसीच्या जवळ जातं. अन्याय सोसणारा माणूस घरात आपल्यापेक्षा खाली कोणी आहे का ते शोधतो, आणि तो निर्णय मात्र त्याचा स्वतःचा, त्याचं बिल व्यवस्थेच्या नावावर फाडता येत नाही.

आणि एकट्याने घेतलेल्या निर्णयाची किंमत झेपत नाही तेव्हा लोक मिळून निर्णय घेतात, हेही लिहा. महाड आमच्यापासून काही फार लांब नाही. नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव 1924 मध्येच केला होता, कागदावर. 20 मार्च 1927 ला लोक जाऊन ओंजळभर पाणी प्यायले. मग मारहाण झाली, पालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला, दावे लागले, हायकोर्टाचा शेवटचा निकाल 1937 ला. पाणी पिण्याचा निर्णय होता हो, बाकी काही नाही, आणि त्याला दहा वर्षं कोर्ट. पण हजारो लोक एकदम गेले म्हणून ती किंमत वाटून घेता आली.

सरांसाठी निबंध लिहायचाच आहे तर 'नेटिव्ह सन' घ्या आणि मेरी व बेसी हे दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवून लिहा. पहिल्यात बिगरचा निर्णय किती होता, दुसऱ्यात किती होता, आणि मृत्युदंड कोणत्या मृत्यूसाठी झाला. सरांची बाजू दुसऱ्या मृत्यूत भक्कम आहे, ती प्रामाणिकपणे मांडा, मार्क कापायला त्यांना जागा राहणार नाही. मात्र गाईडमधला सारांश वाचून लिहू नका, बेसी कोण होती ते त्यात एका ओळीत उरकलेलं असतं.