वाचकांचे प्रश्न : घाटीत उभी केलेली गाडी

प्रश्न : आमचे गाव गुहागर तालुक्यात, सड्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या घाटीत आहे. घरापर्यंत पाखाडीच (दगडी पायऱ्यांची पायवाट) असल्यामुळे गाडी घाटीतल्या रस्त्याच्या कडेला, उताराकडे तोंड करून उभी करावी लागते. गेल्या गणपतीत हँडब्रेक पूर्ण ओढून ठेवलेली गाडी रात्रीच्या पावसात सात-आठ फूट खाली सरकली आणि डाव्या बाजूच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून थांबली. सकाळी पाहिले तेव्हा रस्त्यावरच्या शेवाळात मागच्या दोन्ही चाकांचे घासल्याचे पट्टे उमटले होते. गाडी न्यूट्रलमध्ये होती, कारण गिअरमध्ये उभी केल्यास गिअरबॉक्स बिघडतो असे शेजारी सांगतात. ब्रेकमध्ये काहीही दोष नसल्याचे मेकॅनिकचे म्हणणे आहे. मग चूक कोठे झाली?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपण शेवाळातले पट्टे पाहून ठेवलेत, हे फार बरे केलेत. चाके फिरत खाली गेली असती, तर शेवाळात टायरच्या नक्षीचे ठसे उमटले असते आणि मग हँडब्रेकची केबल सैल आहे असे म्हणता आले असते. आपल्या गाडीची मागची चाके न फिरता, जखडलेल्या अवस्थेत घसरत गेली. म्हणजे ब्रेकने आपले काम केले होते. टायरला धरून राहायला रस्ता मिळाला नाही. मेकॅनिकचे म्हणणे मला पटते.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. गाडी उताराकडे तोंड करून उभी राहिली की तिचा भार पुढच्या चाकांवर जास्त येतो आणि मागची चाके तेवढी हलकी होतात, त्यामुळे ज्या चाकांनी गाडी धरायची त्यांचीच पकड कमी होते. सहा फुटांना एक फूट उतार असलेल्या रस्त्यावर हजार किलोची गाडी साधारण एकशे साठ किलोच्या ओढीने खाली जाऊ पाहते. कोरड्या डांबरावर एवढी ओढ दोन हलकी चाकेही सहज पेलतात, पण श्रावण-भाद्रपदातल्या शेवाळलेल्या, पालापाचोळा कुजलेल्या घाटीत ती त्यांना पेलवत नाही.

याला उपाय गिअरचा आहे. अशा बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. इंजीन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली की पुढची चाके इंजिनाशी जोडलेली राहतात आणि इंजीन त्यांना सहजासहजी फिरू देत नाही. हँडब्रेक आणि गिअर मिळून चारही चाके धरली जातात. उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स आणि चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर टाकावा. चुकून कोणी क्लच न दाबता किल्ली फिरवली, तर गाडीचा हिसका चढाच्या दिशेने बसतो, हा या नियमाचा आणखी एक फायदा आहे. गिअरमध्ये उभी केल्याने गिअरबॉक्स बिघडतो हा समज निराधार आहे. मात्र क्रम पाळावा : पायब्रेक दाबून ठेवून हँडब्रेक ओढावा, न्यूट्रलमध्ये पायब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर नीट बसते का ते पाहावे, मग पुन्हा पायब्रेक दाबून इंजीन बंद करावे आणि क्लच दाबून गिअर टाकावा.

एवढे करूनही गाडी सुटलीच, तर ती कोणीकडे जाईल हे स्टिअरिंग ठरवते. शहरातल्या फुटपाथच्या कडेचे नियम आपल्या घाटीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण येथे एका बाजूला डोंगर किंवा गडगा आणि दुसऱ्या बाजूला गटार किंवा थेट खालच्या वाडीतली कौले असतात. डावीकडे डोंगर असेल तर तोंड चढाकडे असो वा उताराकडे, पुढची चाके डावीकडेच वळवून ठेवावीत; गाडी पुढे सरकली तर तिचे नाक आणि मागे सरकली तर तिची मागची बाजू दरडीला टेकेल. (कडेला उंच फुटपाथ असेल आणि तोंड चढाकडे असेल तेव्हा मात्र चाके उजवीकडे वळवतात, म्हणजे टायर मागे येऊन फुटपाथच्या कडेला अडतो.) चाके गाडी अगदी हळू चालत असतानाच वळवावीत. डावीकडे दरी असेल, तर तेथे गाडी उभी न करणेच शहाणपणाचे आहे. आपली गाडी गडग्याला टेकली हा केवळ योग होता.

चाकांना दगड लावण्याची पद्धत चांगली आहे, पण दगड निवडून घ्यावा. किनाऱ्यावरचा गुळगुळीत गोटा चाकाबरोबर गडगडत जातो आणि जांभ्याचा फुटका तुकडा भाराखाली भुगा होतो. लाकडाच्या दोन पाचरी गाडीतच ठेवाव्यात, म्हणजे शेजाऱ्याच्या गडग्यातला दगड उपसून भांडण ओढवून घेण्याची वेळ येणार नाही. आपल्या बाबतीत त्या पुढच्या चाकांच्या पुढे बसवाव्या लागतील. निघताना चालक पायब्रेक दाबून बसल्यावरच दुसऱ्याने गाडीच्या कडेला उभे राहून पाचरी काढाव्यात, गाडीच्या खालच्या बाजूला उभे राहून कधीही काढू नयेत. दगड लावलाच असेल तर तो उचलून कडेला टाकावा, कारण रात्री घाटी चढणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही.

कायद्याचेही एक वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालकाच्या आसनावर परवानाधारक नसेल तर इंजीन बंद करून ब्रेक लावणे, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य व्यवस्था करणे बंधनकारक आहे. मुलांना गाडीत बसवून दुकानात जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण हँडब्रेकचे बटण लहान हातानेही दाबले जाते.

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी रत्नागिरीत घरासमोरच्या चढावर उभी असते. सकाळी ‘पी’मधून (पार्क) काढताना खट्कन मोठा आवाज होतो. हा बिघाड समजावा काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा बिघाड नाही, सवयीचा दोष आहे. ‘पी’मध्ये गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक छोटा लोखंडी खटका अडकतो. आपण आधी ‘पी’ टाकून नंतर हँडब्रेक ओढत असाल, तर सगळ्या गाडीचा भार रात्रभर त्या खटक्यावर लटकतो आणि सकाळी तो सुटताना आवाज करतो. आधी ‘एन’मध्ये (न्यूट्रल) हँडब्रेक ओढावा, पायब्रेक सैल करून भार त्यावर येऊ द्यावा आणि नंतर पायब्रेक दाबून ‘पी’ टाकावा. निघताना पायब्रेक दाबून आधी ‘पी’तून काढावे, हँडब्रेक शेवटी सोडावा. ज्या ऑटोमॅटिक गाड्यांत ‘पी’ नसतो, त्या पायब्रेक दाबून गिअरमध्येच बंद कराव्यात आणि हँडब्रेक लावावा. चढावर गाडी धरून ठेवणारी ‘हिल होल्ड’ सोय फक्त दोन-तीन सेकंदांपुरती, चढावरून निघण्यासाठी असते. तिच्या भरवशावर गाडीतून उतरू नये.