होडीतला पहिला मुक्काम

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

होडी अजून कळंब्याला, तुझ्या दारात ट्रेलरवरच आहे ना? मग निम्मी तयारी तिथंच उरकून घे. एका रात्री अंगणातला दिवा बंद करून तिच्यात चढ. बूमवरून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून, ताडपत्री बांध, अंथरूण घाल, बॅटरी न लावता पाण्याची बाटली शोध. सापडली नाही तर तिची जागा चुकली. आणि झोपायचंही तिथंच. शेजारी हसतील, हसू देत. कुठली फळी बरगडीला टोचते हे विजयदुर्गला जाऊन कळण्यात काय अर्थ?

पहिल्या रात्रीला विजयदुर्गची वाघोटण खाडीच बरी. डिसेंबर-जानेवारीतली शुद्ध अष्टमी धर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. शिवाय मध्यरात्रीपर्यंत चांदणं मिळतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची.

नवखा फसतो तो इथं. सहाला नांगर टाकताना दिसतं ते पाणी सगळ्यात जास्त असतं. समज, 3.5 मीटर आहे आणि 1.5 मीटर उतरणार. मग बारा वाजता तुझ्याखाली दोनच मीटर. दोर मात्र भरतीच्या पाण्यावर मोजायचा. 3.5 मीटर आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची अर्धा मीटर, झाले चार. त्याची सातपट, 28 मीटर. इतका दोर सोडायला जीव होत नाही, पण सोड. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी हवीच. तिच्या वजनानं ओढ आडवी राहते आणि नांगर चिखलात रुततो. रात्री मतलई वारा जमिनीकडून सुटतो, प्रवाहही उलटतो, होडी नांगराभोवती फिरते. त्या सगळ्या घेरात खडक, खुंट, जाळी काही नको. नांगर सरकला तर कळावं म्हणून मोबाइलवर जीपीएसचा अलार्म लाव, तरी जागा ताडून बघायला काठावरचे दोन दिवे ध्यानात ठेव.

तांबडा-पांढरा रस्सा परत आल्यावर. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी पुरे. पाणी माणशी पाच लिटर. ताडपत्रीखाली गॅस पेटवू नकोस. तो हवेपेक्षा जड, गळला की होडीच्या तळाशी साचतो. आणि कोंडलेल्या जागेत जळला तरी विषारी वायू होतोच. अंथरुणाला प्लॅस्टिक घे, दव फार पडतं.

लाजेपोटी कुणी सांगत नाही ते मी सांगतो. रात्री होडीच्या काठावर उभं राहून लघवीला जायचं नाही. अर्धवट झोपेत तोल जातो आणि प्रवाह माणसाला होडीपासून लांब नेतो. झाकणाचा डबा ठेव. ताडपत्रीबाहेर यायचं ते लाइफ जॅकेट घालूनच.

मच्छीमार अंधारातच बाहेर पडतात, म्हणून चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा उंचावर रात्रभर जळता ठेव. जागा त्यांनाच विचारून ठरव, बंदर कार्यालयातही सांगून ठेव.

तारीख ठरली की फोन कर. माझ्याकडे एक जादा नांगर पडून आहे, तो घेऊन जा.

तुझा,
काका