जावयांच्या नॉर्वेजियन पूर्वजांचा शोध

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. जावयांचे खापरपणजोबा १८८२ मध्ये नॉर्वेहून तिकडे आले, असे त्यांच्या घरात सांगतात. जुन्या बायबलात त्यांचे नाव, जन्मसाल आणि ‘क्रिस्टियानिया’ एवढेच लिहिलेले आहे. आमच्या जमिनीचा इतिहास मी खासरा पत्रकापासून (जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीपासून) शोधून काढला, म्हणून जावईबापूंनी हे कामही माझ्याकडे सोपवले. परंतु आडनाव टाकून शोधले की शेकडो माणसे निघतात. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : आडनावावरून शोधणे प्रथम थांबवावे. त्या काळच्या ग्रामीण नॉर्वेत आजच्या अर्थाने आडनाव नव्हतेच. हान्सचा मुलगा ओले हा ‘ओले हान्सेन’, त्याचा मुलगा ‘ओल्सेन’ आणि मुलगी ‘ओल्सदातर’ होई, आणि मुलीचे हे नाव लग्नानंतरही बदलत नसे. नेमकी ओळख पटे ती माणूस ज्या शेतवाडीवर राहत असे तिच्या नावावरून. आपल्याला येथे औसेकर, निलंगेकर आठवतील. पण औसेकर लातुरात राहायला आले तरी औसेकरच राहतात, तिकडे मात्र शेतवाडी बदलली की नावही बदलत असे. कायमच्या आडनावाचा कायदा तेथे १९२३ मध्ये आला. अमेरिकेत उतरल्यावर कोणी वडिलांचे नाव पुढे चालवले, कोणी शेतवाडीचे, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी निघाली तरी गोंधळू नये.

क्रिस्टियानिया हे ओस्लोचे १९२५ पूर्वीचे नाव. ते जन्मगाव असेलच असे नाही, कारण आतल्या दऱ्याखोऱ्यांतील पुष्कळ लोक त्याच बंदरातून निघत. म्हणून शेतवाडीचे आणि चर्चच्या परगण्याचे (एका चर्चच्या कक्षेतील मुलखाचे, म्हणजे ‘पॅरिश’चे) नाव आधी अमेरिकेतील कागदांतूनच मिळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि देशात आल्याचे साल विचारलेले आहे. १८९० ची जनगणना मात्र १९२१ च्या आगीत जवळजवळ नष्ट झाली, तिच्या मागे लागू नये. ते ज्या लुथरन चर्चचे सभासद होते तेथील लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदी पाहाव्यात, कारण त्यांत नॉर्वेतील जन्मस्थान पुष्कळदा लिहिलेले असते.

खासरा पत्रक वाचणाऱ्या माणसाला खरा आनंद होईल तो जमिनीच्या फाइलीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे, अट पाच वर्षे राहून कसण्याची होती. हक्क कायम होताना घर केवढे बांधले, किती एकर नांगरले, कुटुंबात कोण आहे, हे सारे साक्षीदारांसह लिहून घेत आणि परदेशातून आलेल्या माणसाच्या नागरिकत्वाचा दाखलाही जोडत. या फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अर्थात खापरपणजोबांनी जमीन विकत घेतली असेल, तर ही फाइल मिळणार नाही.

परगण्याचे नाव हाती आले की पुढचे काम उदगीरला बसूनही होते. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवेट’ या संकेतस्थळावर चर्चची पुस्तके आणि १८६५ व १८७५ च्या जनगणना विनामूल्य पाहता येतात. क्रिस्टियानियाच्या पोलिसांनी १८६७ पासून ठेवलेली देशांतर करणाऱ्यांची नोंदवहीही तेथे आहे. तीत दिलेले जहाज न्यूयॉर्कच्या प्रवासी यादीत सापडले नाही तर नवल नाही : पुष्कळ लोक लहान जहाजाने इंग्लंडमधील हल बंदरात उतरत, रेल्वेने लिव्हरपूलला जात आणि अटलांटिक पार करणारी आगबोट तेथून पकडत.

चर्चच्या पुस्तकांतील अक्षर गॉथिक, म्हणजे जुन्या जर्मन लिखाणासारख्या, वळणाचे असते. ते लागेना, तर विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्राकडून जावयांनी शुल्क भरून मदत घ्यावी. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की आई-वडिलांबरोबर साक्षीदारांचीही नावे उतरवून घ्यावीत. त्यांत बहुधा काका, मामा, मावश्या असतात, आणि खापरपणजोबांच्या आधी अमेरिकेला कोण गेले होते याचा माग पुष्कळदा तेथूनच लागतो.